सिन्नरचें राज्य आणि कोंकणचा वारा

नाशिकच्या आग्नेयेस सुमारें १८ मैलांवर सिन्नर हें गांव आहे. सह्याद्रीच्या पाठीशीं, समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० फूट उंचीवर, पावसाची नेहमींच ओढ असलेल्या पठारावर तें वसलेलें आहे. गांवाबाहेर काळ्या दगडाचें गोंदेश्वराचें पंचायतन उभें आहे. मधोमध शिवाचें मुख्य देवालय आणि चार कोपऱ्यांस चार लहान देवळें. त्या आवारांत उभ्या राहिलेल्या माणसास समुद्राची आठवण होण्याचें कांहींच कारण नाहीं. पश्चिमेचा सर्वांत जवळचा किनारा सरळ रेषेंत ८० मैलांवर, आणि मध्यें सह्याद्रीची भिंत. तथापि ज्या यादवकुळाच्या सत्तेचा पाया या परिसरांत घातला गेला, त्याच कुळाच्या एका राजानें तेराव्या शतकांत कोंकणच्या समुद्रावर जाऊन तेथील राजाचा पाडाव केला. त्यानंतर अवघ्या पन्नास-बावन्न वर्षांत तें राज्यहि गेलें आणि तो समुद्रहि गेला. समुद्र जिंकणें आणि समुद्र राखणें या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हें समजून घ्यावयाचें असेल तर सिन्नरच्या या राजकुळाची कथा कोंकणच्या शिडांशेजारीं ठेवून वाचली पाहिजे.

यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथाच्या व्रतखंडांत आपल्या धन्याच्या कुळाची प्रशस्ति दिली आहे. तींत या घराण्याचें मूळ द्वारकेस नेलें आहे. म्हणजे कुळकथेप्रमाणें हे लोक मुळांत समुद्रकांठचेच. दृढप्रहार हा त्यांचा मूळपुरुष. त्याचें ठाणें चंद्रादित्यपूर, तें आजचें चांदवड होय असें मानतात. त्याचा मुलगा सेउणचंद्र यानें नवव्या शतकांत सिंदीनेर, म्हणजे सिन्नर, येथें सेउणपूर वसविलें आणि त्याच्या नांवावरून या मुलखास सेउणदेश म्हणूं लागले. प्रथम राष्ट्रकूटांचे व पुढें चालुक्यांचे मांडलिक म्हणून या राजांनीं दिवस काढले. इ. स. ११८७ च्या सुमारास पांचव्या भिल्लमानें स्वातंत्र्य पुकारलें आणि राजधानी देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, नेली. तेव्हांपासून सिन्नरचें राजकीय महत्त्व ओसरलें. परंतु घराण्याचा पिंड घडला तो मागील तीन शतकांत, याच कोरड्या पठारावर. घोडा, बैल, गढी आणि धान्याचें कोठार ही त्या राज्याची संपत्ति होती. राज्याचा सारा हिशेब जमिनीच्या भाषेंत मांडला जाई.

घाटाखालीं मात्र जग निराळें होतें. कोंकणच्या किनाऱ्यावर राजाच्या आज्ञेपूर्वीं वाऱ्याची आज्ञा पाळावी लागे. ज्येष्ठांत नैर्ऋत्येकडून पाऊस फुटला कीं दर्या बंद होई. त्यापूर्वीं, आगोटीच्या दिवसांत, गलबतें खाडींत आत आणावयाचीं, लहान होड्या वाळूवर ओढून झापांनीं शाकारावयाच्या, शिडें उतरवून कोरडीं करून ठेवावयाचीं, हा शिरस्ता होता. श्रावणांतील पौर्णिमेस दर्यास नारळ वाहिला म्हणजे मासेमारीच्या होड्या हळूहळू बाहेर पडत. पण लांबच्या पल्ल्याचीं गलबतें आणखी कांहीं आठवडे थांबत. आश्विन-कार्तिकांत आकाश निवळलें, वारा उत्तरेकडे वळून स्थिरावला, म्हणजे त्यांचा खरा हंगाम सुरू होई, आणि तो वैशाखापर्यंत चाले. वर्षाचे आठ महिने समुद्राचे आणि चार महिने जमिनीचे, अशी ही वांटणी होती.

या आठ महिन्यांतहि वारा दिवसांतून दोनदां बदले. जमीन लवकर तापते व लवकर निवते. समुद्र दोन्ही बाबतींत सावकाश. त्यामुळें उत्तररात्रीं व पहांटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो; त्यास मतलई म्हणतात. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा खारा वारा सुटतो. पहांटेच्या मतलईवर नांगर उचलून किनाऱ्यापासून दूर व्हावयाचें आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर पुढील बंदर गांठावयाचें, हें किनाऱ्यावरील प्रवासाचें गणित होतें. दक्षिणेकडे जाणाऱ्यास तें सोपें पडे; उत्तरेकडे येणाऱ्यास मात्र मतलईचा प्रत्येक तास मोलाचा वाटे. त्यांत भरती-ओहोटीचा हिशेब मिळवावा लागे. खाडीच्या तोंडाशीं वाळूचा दांडा असे. त्यावरून भरलेलें गलबत नेण्यास पुरेसें पाणी केव्हां येईल, हें तिथीवरून ठरे. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती यांतील अंतर ज्यास कळत नाहीं, त्यास सुकाणू कोणी देत नसे.

मचवा, पडाव, शिबाड, गलबत, गुराब, फत्तेमारी अशीं या किनाऱ्यावरील जहाजांचीं कितीतरी नांवें मराठींत रूढ आहेत. त्यांतील गुराब व गलबत हीं पुढें लढाऊ म्हणून गाजलीं. फत्तेमारी व्यापारासाठीं प्रसिद्ध. डोलकाठीस तिरक्या बसविलेल्या लांब काठीवर तिकोनी शीड चढविलेलें असे. असें शीड वाऱ्याच्या अंगावरून तिरकें चालण्यास चौकोनी शिडापेक्षां सोयीचें. तांडेल हा जहाजाचा मुख्य. त्याच्या हाताखालीं खलाशी. मातीच्या चुलीवर शिजवलेला भात, सुकी मासळी, पिंपांत जपून ठेवलेलें गोडें पाणी, आणि रात्रीं नक्षत्रांकडे लावलेले डोळे, असा त्यांचा दिनक्रम. लाकडास कीड लागूं नये म्हणून मोरीमाशाच्या काळजाचें तेल चोपडावयाचें. शीड फाटलें तर किनाऱ्यावर बसून शिवावयाचें. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी अशा अनेक जातिजमातींच्या मुलांनीं ही विद्या बापाच्या शेजारीं बसून घेतली. तिचीं पुस्तकें झालीं नाहींत.

या विद्येंत प्राणिसृष्टीच्या ज्ञानाचा वांटा मोठा होता. होकायंत्र हातीं येण्यापूर्वीं जमीन कोणत्या बाजूस आहे, हें जाणण्याचें एक साधन म्हणजे पक्षी. पालि वाङ्मयांत समुद्रावरील व्यापारी जहाजावर पक्षी घेऊन जात असल्याचा उल्लेख येतो. बावेरु जातकांत तर जहाजावरील कावळ्यास ‘दिसाकाक’, म्हणजे दिशा दाखविणारा कावळा, असेंच म्हटलें आहे. पक्षी सोडावा, जमीन दिसली तर तो तिकडे उडून जाई, न दिसली तर परत जहाजावर येई. पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक नाविकानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या प्रवासाचें एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलें. तें ‘पेरिप्लस’ या नांवानें ओळखलें जातें. त्यांत सोपारा, कल्याण व चौल या बंदरांचे उल्लेख आहेत. त्याच पुस्तकांत एक विलक्षण सूचना आहे. समुद्रसर्प दिसूं लागले कीं हिंदुस्थानचा किनारा जवळ आला असें समजावें. सिंधूच्या मुखाशीं ते कसे असतात, कच्छच्या बाजूस मोठे व काळे कसे, आणि भडोचच्या आसपास लहान, हिरवट व सोनेरी झांक असलेले कसे, हेंहि लेखकानें नोंदलें आहे. ही भाकडकथा नव्हे. आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक समुद्रसर्प उथळ पाण्यांत राहतात. ते दिसूं लागणें म्हणजे तळ वर आल्याची खूण. ज्याच्याकडे खोली मोजण्यास दोरी व शिसें एवढेंच होतें, त्यास हा साप म्हणजे न मागतां आलेला वाटाड्या होता.

मासेमारी करणाऱ्यांचेंहि तसेंच. दूरवर एका जागीं सुरय पक्ष्यांचा थवा पाण्यावर झेंपा घेतांना दिसला, म्हणजे खालीं तारली किंवा बांगड्याचा कळप आहे, हें तांडेल ओळखी. पाऊस संपल्यावर कुरव पक्षी उत्तरेकडून किनाऱ्यावर उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत जातात. म्हणजे शिडांचा हंगाम आणि त्यांचा मुक्काम जवळजवळ एकच. त्याच महिन्यांत, कार्तिकापासून पुढें, समुद्री कासवांच्या माद्या रात्रीं वाळूवर चढून अंडीं घालतात. पक्षी, कासव आणि गलबत हीं तिन्हीं एकाच ऋतुचक्राच्या हुकमतींत होतीं. आणि माणसानें त्यांतील दोघांकडे पाहून तिसऱ्याची वेळ ठरविली होती.

घाटावरील राज्यांस या जगाची ओळख नव्हती असें नाहीं. कोंकणांतून मीठ, नारळ व परदेशी माल वर येई आणि वरून धान्य व कापड खालीं जाई. उत्तर कोंकणांत शिलाहारांचें राज्य होतें. ठाणें हें त्यांचें प्रमुख नगर. अरब प्रवासी अल्-मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलास आला, तेव्हां त्यानें तेथील अधिपतीचें नांव झंझ असें दिलें आहे. हा शिलाहारकुळांतील राजा होय. त्या वेळीं चौलांत सुमारें दहा हजार मुसलमान व्यापारी व त्यांचे वंशज राहत असल्याचें मसूदी लिहितो. या झंझाची कन्या यादवकुळांतील भिल्लमास दिली होती, असें ठाणें जिल्ह्याच्या एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरांत नमूद आहे. म्हणजे पठारावरील हें राजकुळ आणि चौलचा गजबजलेला धक्का यांमध्यें सोयरिकीचाहि धागा होता. परंतु सोयरीक झाली म्हणून विद्या येत नाहीं. सून घाट चढून आली; वाऱ्याचें ज्ञान खालींच राहिलें.

तेराव्या शतकांत यादवांची सत्ता शिखरास पोंचली. सिंघण, त्याचा नातू कृष्ण, आणि कृष्णाचा भाऊ महादेव अशी परंपरा झाली. महादेवाची कारकीर्द इ. स. १२६१ ते १२७१ ची. उत्तर कोंकणच्या गादीवर त्या वेळीं सोमेश्वर हा शिलाहार राजा होता. जमिनीवर यादवांच्या हत्ती-घोड्यांपुढें त्याचा निभाव लागला नाहीं, तेव्हां तो आपल्या जहाजांवर चढला. किनाऱ्याच्या राजाचा हा स्वाभाविक आसरा. पठारावरील शत्रु पाण्यांत पाऊल टाकणार नाहीं असा त्याचा हिशेब असावा. तो चुकला. सुमारें १२६५ मध्यें महादेवाच्या सैन्यानें समुद्रावरहि त्याचा पाठलाग केला आणि सोमेश्वर बुडून मेला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षां समुद्रांतील वडवानल त्यास सुसह्य वाटला, अशी कल्पना करून हेमाद्रीनें हा प्रसंग वर्णिला आहे. ज्या धन्याच्या विजयाची ही स्तुति, त्याच्या आरमाराचें, जहाजांचें किंवा खलाशांचें वर्णन मात्र इतिहासास तितकें लाभलेलें नाहीं.

त्या खलाशांचें दर्शन घडतें तें दुसरीकडे. मुंबईच्या बोरिवलीजवळ एकसर येथें उंच वीरगळ आहेत. रणांत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या शिळांपैकीं कांहींवर समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. उंच नाळेचीं जहाजें, मधोमध डोलकाठ्या, बाजूंस वल्ह्यांच्या रांगा आणि वर शस्त्रें उगारलेले योद्धे त्यांत स्पष्ट दिसतात. वरच्या पट्टांत तोच वीर स्वर्गीं शिवपूजा करतांना दाखविला आहे. या शिळा कोणत्या युद्धाच्या, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. कांहींनीं त्या अकराव्या शतकाच्या आसपासच्या ठरविल्या, तर कांहींनीं त्यांचा संबंध महादेव व सोमेश्वर यांच्याच लढाईशीं जोडला. युद्ध कोणतेंहि असो. एवढें निश्चित कीं वल्हीं मारणारा व शीड ओढणारा माणूस दगडावर अमर करण्यासारखा वाटावा, असा समाज त्या किनाऱ्यावर होता. सिन्नरच्या शिल्पवैभवाची कीर्ति मोठी आहे. पण या ओबडधोबड शिळांवर जो समुद्र आहे तो तेथें नाहीं.

यादवांनीं हा समुद्र जिंकला कसा, याचें उत्तर बहुधा याच माणसांत आहे. पठारावर जहाजें बांधलीं जात नव्हतीं. किनाऱ्यावरील नावा व नावाडी हाताशीं घेतल्यावांचून ही लढाई होणें शक्य नव्हतें. विजयानंतर प्रश्न होता तो या लोकांस राज्याच्या कारभारांत जागा देण्याचा. ठाण्यास सांपडलेल्या, इ. स. १२७२ च्या रामचंद्रदेवाच्या काळांतील ताम्रपटावरून यादवांचे अधिकारी तेथें कारभार पाहत होते हें दिसतें. महसूल येत होता, दानधर्म होत होता. पण समुद्राचें काय झालें, तें मार्को पोलोच्या वृत्तांतावरून कळतें. तेराव्या शतकाच्या अखेरीस हा व्हेनिसचा प्रवासी आपल्या किनाऱ्यावरून गेला. ठाण्याचें तो स्वतंत्र राज्य म्हणून वर्णन करतो आणि लिहितो कीं, येथून चांचे लोक समुद्रावर निघतात आणि त्यांस राजाची संमति आहे. करार असा: लुटींत सांपडलेले घोडे राजाचे, बाकीचा माल चांच्यांचा.

या एका कलमांत सारें राजकारण सांठविलेलें आहे. अरबस्तान व इराण येथून शिडाच्या जहाजांतून येणारे घोडे हे दख्खनच्या प्रत्येक सत्तेस हवे असत. म्हणजे घाटावरच्या दृष्टीनें समुद्र हा घोडे येण्याचा रस्ता. तो रस्ता सुरक्षित ठेवण्याची, त्यावर स्वतःचें आरमार फिरविण्याची, व्यापाऱ्यास अभय देण्याची चिंता कोणीं केली नाहीं. रस्त्यावरील वाटमाऱ्यांशीं वांटणी करून काम भागविलें. पोलोच्या ‘राजा’चें नांव काय, याला येथें महत्त्व नाहीं, त्या वर्षांत ठाण्यावर सत्ता यादवांची होती. ज्यांच्या हातीं वाऱ्याची विद्या होती त्यांस राज्यानें सैनिक केलें नाहीं, म्हणून ते लुटारू झाले. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला, आणि १३१८ पर्यंत यादवांचें राज्य संपुष्टांत आलें. तो घाव जमिनीवरून आला हें खरें. परंतु पाठीशीं समुद्र असूनहि त्या राज्यास समुद्राचा कांहींच आधार उरला नव्हता, हेंहि तितकेंच खरें.

राज्यें गेलीं तरी वारा वाहतच होता. १३२१ च्या सुमारास ओडोरिक नांवाचा एक ख्रिस्ती साधु होर्मुझहून निघाला. ज्या जहाजांत तो बसला त्यांत लोखंडाचा एकहि खिळा त्यास आढळला नाहीं. फळ्या दोरीनें शिवलेल्या होत्या. अठ्ठावीस दिवसांत तो ठाण्यास उतरला. तेथें कुत्र्याएवढे उंदीर आणि कबुतराएवढीं वटवाघळें पाहिल्याचें तो लिहितो. उंदीर म्हणजे आपली घूस असावी. वटवाघळें तर आजहि किनाऱ्यावरच्या झाडांवर लटकलेलीं दिसतात. परक्या माणसाच्या नजरेस प्रथम भरलें तें राजवैभव नव्हे, तर शिवलेलें जहाज आणि घूस, यांतच त्या किनाऱ्याचें चिरंतन रूप आहे.

समुद्र राखण्याचा विचार मराठी मुलखांत पुढें एका पुरुषानें केला. शिवाजीमहाराजांनीं १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच तेथील खाडींत जहाजें बांधावयास आरंभ केला. १६६४ मध्यें मालवणजवळ सिंधुदुर्गाचा पाया घातला. १६६५ मध्यें ते स्वतः आरमार घेऊन बसरूरच्या मोहिमेवर गेले. तेहि घाटावरचेच, जन्म शिवनेरीचा, बालपण पुण्याचें. परंतु त्यांनीं कोळी, भंडारी आणि दालदी यांस चांचेगिरीची वांटणी दिली नाहीं, तर पगार व हुद्दा दिला. हा विचार शब्दांत सांपडतो तो १७१६ च्या सुमाराच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या मानल्या जाणाऱ्या आज्ञापत्रांत. आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग आहे, असें तेथें सांगितलें आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वींच जहाजें बंदरांत आणावीं, छावणी दरवर्षीं एकाच बंदरांत करूं नये, जहाजांसाठीं लाकूड तोडतांना रयतेच्या आंब्या-फणसास हात लावूं नये, अशा बारीकसारीक सूचना त्यांत आहेत. आगोट, झाड आणि माणूस या तिघांचाहि विचार राजनीतीच्या ग्रंथांत आला, ही सिन्नरच्या जुन्या राज्यांत न घडलेली गोष्ट येथें घडली.

तरीहि जमिनीच्या हिशेबानें पुन्हां एकदां समुद्राचा घात केला. कान्होजी आंग्रे १७२९ मध्यें वारल्यानंतर घरांत कलह माजला. तुळाजी आंग्रे पुण्याच्या पेशव्यांस जुमानीना. तेव्हां नानासाहेबांनीं इंग्रजांचें साहाय्य घेतलें. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या खाडींत इंग्रजांच्या तोफांनीं आंग्र्यांचें आरमार जाळून टाकलें. पेशव्यांच्या दृष्टीनें एक बंडखोर सरदार नमला; इंग्रजांच्या दृष्टीनें पश्चिम किनारा मोकळा झाला. महादेव यादवानें किनाऱ्याची सत्ता मोडली आणि तिच्या जागीं कांहीं उभें केलें नाहीं. पांचशें वर्षांनंतर पुण्यानेंहि तेंच केलें.

व्यापारी शीड मात्र त्यानंतरहि दीड-दोनशें वर्षें टिकलें. मंगळूरची कौलें, मलबारचें लाकूड, कोंकणचें भात व मीठ घेऊन फत्तेमाऱ्या मुंबईस येत राहिल्या. एकोणिसाव्या शतकांत आगबोटी आल्या आणि वेळापत्रक माणसाच्या हातीं आलें. आगोटीची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं असें वाटूं लागलें. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येस, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी समुद्रांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. प्रवास थोड्या तासांचाच होता. परंतु आषाढाची अमावास्या म्हणजे भर पावसाळा आणि उधाणाचा दिवस. शिडाच्या जुन्या पंचांगांत तो प्रवाशांनीं भरलेली नाव हांकण्याचा दिवस नव्हता. त्या दिवशीं बुडणाऱ्यांपैकीं कांहींजण वांचले ते कोळ्यांच्या होड्यांमुळें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत होड्यांस यंत्रें बसलीं आणि व्यापारी शीड किनाऱ्यावरून जवळजवळ दिसेनासें झालें. त्याबरोबर तिथीवरून पाणी आणि पक्ष्यावरून मासा ओळखणारी विद्याहि विरळ होत गेली. ती पुरती मेली मात्र नाहीं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. आगोटीच्या जुन्या शिरस्त्यानेंच येथें कायद्याचें रूप घेतलें आहे, कारण माशांच्या विणीचे दिवसहि हेच. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास या गांवीं २००२ पासून समुद्री कासवांचीं अंडीं राखण्याचें काम ‘सह्याद्रि निसर्गमित्र’ या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें सुरू केलें. ज्या वाळूवर पूर्वीं अंडीं खणून नेत, तेथें आतां पिलें समुद्रांत जातांना पाहण्यासाठीं शहरांतून माणसें जातात. कासवीण केव्हां येईल हें सांगणारा त्या किनाऱ्यावरचा माणूस जुन्या तांडेलाचाच वारस होय.

आणि सिन्नरासहि या ऋतुचक्राचा स्पर्श आहे. गांवाच्या ईशान्येस, निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभीं नांदूर-मधमेश्वर येथें बंधारा बांधला गेला. हेतु शेतीच्या पाण्याचा. पण मागें गाळ सांठला, उथळ पाणी पसरलें, बेटें तयार झालीं आणि पक्षी उतरूं लागले. १९८६ मध्यें तें अभयारण्य झालें. जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत महाराष्ट्रांतून प्रथम नांव लागलें तें याच जागेचें, आणि ही घोषणा २०२० च्या जानेवारींत झाली. तेथें दोनशेंहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. कार्तिकाच्या सुमारास हिमालयापलीकडून चक्रवाक व करकोचे येतात आणि उन्हाळ्यापूर्वीं परततात. ज्या दिवसांत कोंकणांत शिडें वर चढत, त्याच दिवसांत हे थवे सेउणदेशाच्या पाण्यावर उतरतात.

यादवांच्या राज्यांत पक्षी कार्तिकांत असेच हिंदुस्थानांत येत असतील आणि वारा असाच वळत असेल. राजधानींत त्याचा अर्थ शेतीपुरता लावला गेला. किनाऱ्यावर त्याच खुणांवर जहाजें सुटत. दोन्ही ठिकाणचे लोक एकाच वाऱ्याखालीं राहत होते, पण एकानें दुसऱ्याची विद्या मागून घेतली नाहीं. एकसरच्या शिळांवरील वल्हीं मारणाऱ्या माणसांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. ज्या राज्यास त्यांच्या नांवांची गरज वाटली नाहीं, त्या राज्याच्या हातीं समुद्र दोन पिढ्यांपेक्षां अधिक राहिला नाहीं.